घरसंसार : खसखशीसारखे दाणे आणि घरातील लाकूड

देव्हाऱ्याच्या चौथऱ्याजवळ किंवा कपाटाच्या खालच्या फळीवर एखाद्या सकाळी बारीक दाण्यांची लहानशी ढिगली दिसते. केर काढताना ती झाडली जाते. दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा तेवढीच ढिगली जमलेली असते. तुर्भ्याच्या मसाला बाजारात पेढी असलेल्या घरात पहिला समज असा होतो, की कोणाच्या तरी पिशवीतून खसखस सांडली असावी. रंग फिकट तपकिरी, आकारही जवळपास खसखशीएवढाच. परंतु हे दाणे बाजारातून आलेले नसतात. लाकडाच्या पोटात राहून ते आतून पोखरणाऱ्या कोरड्या लाकडातील वाळवीची ती विष्ठा असते. पोकळी साफ ठेवण्यासाठी वाळवी एका सूक्ष्म छिद्रातून ती बाहेर लोटते.

दाण्यांचा उलगडा झाला की घरात दोन मते उभी राहतात. एक मत म्हणते, ‘थोडेसेच आहे, पुढे पाहू.’ दुसरे म्हणते, ‘गोदामात देतो तसा घरालाही गॅस द्यावा, म्हणजे एकदाचे निपटेल.’ पहिल्या मतामुळे आजोबांच्या काळातील सागवानी घरदेरासर आतून पोकळ होते. दुसऱ्या मतामुळे माणसांचे प्राण जाऊ शकतात. या दोहोंच्या मधला मार्ग शांतपणे पाहण्याचा, कीटक ओळखण्याचा आणि बाधित लाकडापुरताच उपाय करण्याचा आहे. तो कमी खर्चाचा आहे, सुरक्षित आहे आणि त्यात हिंसाही सर्वांत कमी आहे.

गोदामाचा उपाय घराला का चालत नाही

तुर्भे आणि वाशी परिसरातील व्यापारी कुटुंबांना धूरीकरण नवे नाही. पोत्यांच्या थप्पीवर जाड आवरण घालतात, त्याच्या कडा वाळूने भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबतात आणि आत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. काही दिवसांनी थप्पी उघडून ती नीट वारवली जाते. तेथे रात्री कोणी झोपत नाही, भिंतीपलीकडे तान्हे मूल नसते.

घराची स्थिती निराळी असते. नवी मुंबईतील इमारतींत दोन घरांना एकच भिंत असते. नळांच्या आणि विजेच्या तारांच्या वाटा सर्व मजल्यांतून जातात. वायूला उंबरठा कळत नाही. फॉस्फीन बाधेवर खास असा उतारा नाही, आणि बाधा लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. शिवाय हा वायू तांब्याला व त्याच्या मिश्रधातूंना गंजवतो. म्हणजे विजेच्या तारा, उपकरणे आणि पितळेच्या वा पंचधातूच्या प्रतिमा यांनाही त्याची झळ पोहोचू शकते. कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार असे धूरीकरण केवळ परवानाधारक, प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाचे आहे. म्हणून एक नियम प्रत्येक व्यापारी घराने पाळावा: गोदामातील उरलेली एक गोळीसुद्धा घरी आणू नये, कपाटात ठेवू नये, धान्याच्या डब्यात तर मुळीच घालू नये.

अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडा व कॅलिफोर्नियात, संपूर्ण घरावर तंबू चढवून आत सल्फ्युरिल फ्लोराइड वायू सोडण्याची पद्धत आहे. तेथील नातेवाइकांकडून तिची वर्णने ऐकू येतात. ती घरे बहुधा सुटी, चारही बाजूंनी मोकळी असतात. घरातील माणसांना दोन-तीन दिवस बाहेर राहावे लागते, खाद्यपदार्थ आणि औषधे हलवावी किंवा खास पिशव्यांत बंद करावी लागतात. इतके करूनही वायू निघून गेल्यावर लाकडात कोणतेही संरक्षण शिल्लक राहत नाही. पुढच्या हंगामात पंख असलेली नवी जोडी त्याच फटीतून आत शिरू शकते. तुर्भ्याच्या सहाव्या मजल्यावरील घराला असा तंबू घालणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

तीन खुणा, तीन निराळे उपाय

लाकूड खाणारा प्रत्येक कीटक एकच नसतो. तरीही उपायाचे पैसे बहुतेक वेळा ओळख पटण्याआधीच दिले जातात. ओळख खुणांवरून सहज होते.

पहिली खूण मातीची. भिंतीवर, चौकटीलगत किंवा फरशीच्या सांध्यातून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती जमिनीतून येणारी वाळवी होय. तिला ओलावा लागतो आणि तिचे वारूळ बहुधा जमिनीत असते. तिच्यासाठी फरशीच्या कडेने छिद्रे पाडून औषध भरण्याची पद्धत आहे. बांधून झालेल्या इमारतींतील अशा उपायांची रीत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेली आहे.

दुसरी खूण पिठाची. छिद्रे गोल आणि टाचणीच्या डोक्याएवढी असतील, त्यांखाली मैद्यासारखी मऊ भुकटी पडत असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा असतो. स्वस्त फर्निचरच्या आतील पांढुरक्या लाकडात आणि बांबूत तो विशेष आढळतो.

तिसरी खूण दाण्यांची. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर भुकटी न होता खरखरीत लागणारे, सुमारे एक मिलिमीटर लांबीचे दाणे आणि आसपास माती अजिबात नाही, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी होय. भिंगाखाली प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात, त्यामुळे शंका उरत नाही. क्रिप्टोटर्मिस या वंशातील अशा जाती भारतात आहेत, आणि किनाऱ्यालगतची दमट हवा त्यांना मानवते. एका बाजूस ठाणे खाडी आणि दुसऱ्या बाजूस पारसिकचे डोंगर असलेल्या तुर्भ्यात पावसाळाभर हवा दमट असते, लाकूडही ती दमट हवा शोषून घेते.

या तिसऱ्या जातीचा जमिनीशी संबंध नसतो. लागणारे पाणी ती लाकडातून आणि हवेतून मिळवते. म्हणून तिच्यासाठी फरशीला छिद्रे पाडून औषध भरणे म्हणजे एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात जमा करणे. पावती मिळते, पण देणे फिटत नाही.

याच जातीविषयी धीर देणारी गोष्टही आहे. जमिनीतील वारुळात लाखो वाळव्या असू शकतात. कोरड्या लाकडातील वसाहत मात्र काही शेकड्यांची किंवा फार तर काही हजारांची असते, आणि ती अनेक वर्षे सावकाश वाढते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत छताचा भार लाकडावर नसतो. चौकटी, कपाटे, पलंग आणि देव्हारा एवढ्यापुरताच प्रश्न असतो. तेव्हा दाणे दिसले त्याच दिवशी घाबरून निर्णय घेण्याचे कारण नाही. पंधरा दिवस पाहणी करण्याइतकी सवड निश्चित असते.

आधी रोजमेळ, मग उपाय

पहिले काम नोंदीचे. ढिगलीच्या वर लाकडात बारीक छिद्र शोधावे आणि त्याभोवती पेन्सिलीने खूण करावी. दाणे पूर्ण झाडून त्या जागी काळा कागद पसरावा व त्यावर तारीख लिहावी. वस्तू हलवू किंवा ठोकू नये, कारण धक्क्याने जुने दाणेही खाली पडतात. पंधरा दिवसांत नवे दाणे पडले नाहीत, तर वसाहत पूर्वीच संपलेली असण्याचा संभव असतो. तरीही कागद आणखी काही आठवडे तसाच ठेवावा. नवे दाणे पडले, तर वसाहत जिवंत आहे. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर हलकेच ठोकत जावे. भरीव लाकडाचा आणि पोकळ लाकडाचा आवाज निराळा येतो. त्यावरून बाधा किती लांब पसरली आहे हे खडूने आखून घ्यावे.

यापुढील उपाय पुढील क्रमाने विचारात घ्यावेत.

पहिला उपाय बाधित भाग काढून टाकण्याचा. बाधा एका फळीत, एका पायात किंवा चौकटीच्या एका पट्टीत असेल, तर अनुभवी सुताराकडून तेवढाच भाग बदलून घ्यावा. वसाहत बहुधा एकाच लाकडात असल्याने अनेकदा एवढ्यानेच काम होते. काढलेले लाकूड जिन्याखाली किंवा गच्चीवर ठेवू नये.

दुसरा उपाय उष्णतेचा. मसाल्याची निर्यात करणाऱ्यांनी लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि शेजारी ‘एचटी’ ही अक्षरे पाहिलेली असतात. त्यांचा अर्थ असा, की त्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे पोहोचवले आहे. ‘एमबी’ ही अक्षरे असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड वायू दिलेला असतो. हा वायू ओझोनच्या थराला हानी करतो. म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पासून आणि विकसनशील देशांत २०१५ पासून त्याचा सर्वसाधारण वापर थांबवण्यात आला आणि निर्यातपूर्व व विलगीकरणाच्या कामांसारखे मोजके अपवाद ठेवण्यात आले. जगाच्या व्यापाराने लाकडातील किडीसाठी वायूला उष्णतेचा पर्याय मान्य केला आहे, हे व्यापाऱ्याच्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे. सुटे, पॉलिश नसलेले, साध्या जोडणीचे लाकूड भट्टीत तापवून देणारा लाकूड व्यापारी मिळाल्यास हाच उपाय घरच्या वस्तूलाही करता येतो. केवळ उन्हात ठेवणे पुरेसे नाही. वरचा पृष्ठभाग तापतो, गाभा थंड राहतो आणि वाळवी आतल्या गार भागाकडे सरकते. सरसाने जोडलेल्या, रंगवलेल्या किंवा चांदीचा पत्रा मढवलेल्या वस्तूंना ही उष्णता देऊ नये. सांधे सुटतात आणि लाकूड तडकते.

तिसरा उपाय थंडीचा. पोथीची ठवणी, लहान पेटी, लाकडी चौकट अशा छोट्या वस्तू दोन हवाबंद पिशव्यांत गुंडाळून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येतात. जुन्या वस्तू जपणारी वस्तुसंग्रहालयेही अतिथंडीचा उपयोग करतात. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर तिच्यावर दव धरते. त्या फ्रीजरमध्ये त्या काळात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. शिंपल्याचे जडावकाम किंवा चित्रकाम असलेल्या वस्तू मात्र जाणकारालाच दाखवाव्यात.

चौथा उपाय छिद्रातून औषध देण्याचा. लाकूड काढता येत नसेल, तापवताही येत नसेल, तर परवानाधारक व्यावसायिकाकडून पोखरलेल्या भागापुरती बारीक छिद्रे पाडून आत औषध सोडून घ्यावे आणि छिद्रे लांबी किंवा मेण भरून बंद करावीत. काम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: औषधाचे नाव काय, वेष्टनावर केंद्रीय नोंदणी क्रमांक आहे का, आणि लेबलावर लाकडातील वाळवीसाठी त्याचा वापर सांगितला आहे का. काम चालू असताना मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांनी दुसरीकडे राहावे. नंतर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. देव्हाऱ्याचे काम असेल तर प्रतिमा आधी विधिपूर्वक अन्यत्र विराजमान कराव्यात.

पाचवा उपाय नव्या लाकडासाठी. बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे द्रावण कोऱ्या, पॉलिश न केलेल्या लाकडात मुरते आणि पुढे अनेक वर्षे संरक्षण देते. पॉलिशच्या थरातून मात्र ते आत जात नाही. म्हणून नवे फर्निचर करताना रंधा मारल्यावर आणि पॉलिश करण्यापूर्वी ते लावून घ्यावे. लाकडाच्या परिरक्षणाविषयीच्या आयएस ४०१ या मानकात बोरॉनयुक्त द्रव्यांचा समावेश आहे. हे द्रावण पोटात गेल्यास विषारी असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या किंवा नुसते कडुलिंबाचे तेल वरून चोळणे यांवर विसंबू नये. ज्या पोकळीत वाळवी राहते तेथपर्यंत ते पोहोचत नाही. रॉकेलाने तर आगीचा धोका वाढतो. आणि चार-पाच खोल्यांतील चौकटींत एकाच वेळी दाणे दिसत असतील, किंवा जुन्या गावातील वाड्याच्या तुळयांत बाधा असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून बांधकाम आणि कीटक या दोन्ही विषयांतील जाणकारांना बोलवावे. स्थानिक उपायाची मर्यादा हीच आहे, की जे सापडते त्यावरच तो चालतो. म्हणून शोध नीट झाला पाहिजे.

जीवांचा हिशेब

जैन घरात या विषयाला आणखी एक बाजू आहे. जीवांच्या शास्त्रोक्त विभागणीत वाळवी, म्हणजे उद्देहिका, ही त्रीन्द्रिय जीवांत मोजली जाते. तिला स्पर्श, रस आणि गंध ही तीन इंद्रिये आहेत. त्यामुळे औषध मारणाऱ्याला घरी बोलवताना घरातील ज्येष्ठ अडखळतात, आणि त्यांचे अडखळणे जुनाट म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही. गृहस्थाला संसारातील सर्व आरंभ टाळता येत नाहीत, परंतु संकल्पपूर्वक हिंसा टाळणे आणि अपरिहार्य असेल तेथे ती कमीत कमी ठेवणे हा श्रावकाचा प्रयत्न असतो.

या मापाने पाहिले तर घरभर वायू सोडण्याचा आणि एक फळी बदलण्याचा हिशेब सारखा नाही. वायू वाळवीपुरता थांबत नाही. भिंतीवरची पाल, कोपऱ्यातील कोळी, स्वयंपाकघरातील मुंग्या यांपैकी ज्यांचा लाकडाशी काही संबंध नाही, तेही त्यात सापडतात. एका फळीपुरत्या उपायात हिंसा मुळीच नाही असे म्हणता येत नाही, पण ती मर्यादित आहे आणि तिची सीमा आधीच आखलेली आहे. कोणी काय करावे याविषयी ज्याच्या मनात द्विधा असेल, त्याने गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. मात्र निर्णय लांबवत राहिल्यानेही हिंसा टळत नाही. एका फळीतील वसाहत पाच वर्षांनी पाच वस्तूंत पसरली, तर तेव्हाचा उपाय आजच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

बाधित कपाट भंगारवाल्याला न सांगता विकून टाकणे हा सुटकेचा सोपा मार्ग वाटतो. पण त्याने घरातला त्रास दुसऱ्याच्या घरी पाठवला जातो, आणि त्या घराला बहुधा नवे कपाट परवडणारे नसते. मालातील दोष सांगून विकणे ही बाजारातील सचोटी जुन्या फर्निचरलाही लागू आहे. त्याचप्रमाणे वडिलोपार्जित गावातून किंवा मस्जिद बंदरच्या जुन्या पेढीतून आणलेली पेटी घरात मांडण्यापूर्वी महिनाभर काळ्या कागदावर, इतर लाकडापासून दूर ठेवावी.

दोन पंचमी

मुळात सर्वांत कमी हिंसेचा उपाय म्हणजे वाळवी आत येऊच न देणे. पंख असलेली जोडी लाकडात शिरते ती उघड्या फटीतून, जुन्या खिळ्याच्या छिद्रातून किंवा पॉलिश न केलेल्या मागच्या बाजूने. म्हणून कपाटाची पाठ आणि तळ यांनाही पॉलिशचा किंवा रंगाचा हात द्यावा. फटी लांबीने भराव्यात. लाकूड आणि भिंत यांत बोटभर अंतर ठेवावे. न्हाणीघराच्या चौकटीजवळची गळती आधी थांबवावी. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखांचे कीटक जमू लागले, तर खिडक्यांच्या जाळ्या लावाव्यात आणि अनावश्यक दिवे मालवावेत. सागाचा गाभा वाळवीला बराच काळ दाद देत नाही, पण सालीलगतचा पांढुरका भाग तितका टिकाऊ नसतो. सुताराने तो कोठे वापरला आहे हे काम चालू असतानाच पाहावे.

जैन परंपरेला पाहणीची ही शिस्त अपरिचित नाही. साधू-साध्वी वस्त्रे आणि उपकरणे यांचे नित्य प्रतिलेखन करतात, ते त्यांत एखादा जीव आला असेल तर त्याला इजा होऊ नये म्हणून. ज्ञानभांडारांतील पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्यामागेही ही नियमित देखभाल आहे. दिगंबर समाजात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते, श्वेतांबर समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. या निमित्ताने ग्रंथ बाहेर काढून झाडण्याची, त्यांची वेष्टने बदलण्याची आणि पूजन करण्याची रीत आहे. एक तिथी पावसाळ्याच्या तोंडाशी येते, दुसरी पावसाळा सरल्यावर. तुर्भ्याच्या हवेत लाकूड तपासण्यासाठी याहून योग्य दिवस शोधूनही सापडणार नाहीत.

घराने या दोन्ही तिथींना ग्रंथांबरोबर देव्हारा, कपाटे, पलंगाचे पाय आणि दारांच्या चौकटी यांचीही पाहणी करावी. एका छोट्या वहीत खोलीचे नाव, तारीख आणि दाणे दिसले की नाही एवढे तीन रकाने पुरेत. घरातील शाळकरी मुलांकडे भिंग आणि काळा कागद सोपवला, तर हे काम तासाभरात आटोपते. दाणे दिसले, तर त्या वर्षी एक फळी बदलावी लागेल. ते वेळीच दिसले, तर घराला गॅस देण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच राहणार नाही.